मुंबई ते लंडन: अंतर एकच, मग वेळ दर वेळी वेगळी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याचे तुमचे आई-वडील, दोघंही सत्तरीच्या घरात, डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच विमानात बसून तुमच्या बहिणीकडे लंडनला निघालेत. इंटरनेटवर एके ठिकाणी मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं, तर दुसरीकडे साडेसात हजारांच्या वर. वेळही कुठे साडेआठ तास, कुठे दहा. तिकिटावर तर तिसरंच गणित आहे: मुंबईहून रात्री २.३० ला निघायचं आणि सकाळी ७ ला लंडन, म्हणजे साडेचार तास. परतीला रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबई, म्हणजे साडेचौदा तास. वडील विचारतात, यातलं खरं काय?

मी २६ वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान सुटायच्या काही तास आधी जमिनीवर बसून त्याचा रस्ता, उंची, इंधन आणि वेळ ठरवायची, ही डिस्पॅचरची नोकरी. कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांनाही तो प्लॅन मान्य झाला की मगच विमान निघतं. मुंबई-लंडनचे असे प्लॅन मी इतके केलेत की हा प्रश्न मला घरातलाच वाटतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तिकिटाचा घोळ सोडवू, कारण वडिलांना तोच खटकतोय. तिकिटावर निघायची वेळ त्या शहराची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या शहराची. डिसेंबरमध्ये लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मुंबईत रात्रीचे २.३० वाजतात तेव्हा लंडनला आदल्या दिवसाचे रात्रीचे ९ वाजलेले असतात. तिथून सकाळी ७ पर्यंत मोजा, पूर्ण दहा तास होतात. परतीला उलट: लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपले २.३०, तिथून ११.३० पर्यंत नऊ तास. वडिलांना एक सोपा ताळा सांगा. तिकिटावर दिसणारे साडेचार आणि साडेचौदा मिळवले तर एकोणीस येतात, आणि खरे दहा आणि नऊ मिळवले तरी एकोणीसच. घड्याळातला फरक जाताना जितका वजा होतो तितकाच येताना अधिक होतो, म्हणून जाण्यायेण्याच्या बेरजेत तो उरत नाही. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. त्या काळात आपल्यातला फरक साडेचार तासांचा असतो.

म्हणजे जायला दहा, यायला नऊ. हा एक तास कुठून आला, हा खरा प्रश्न. पण त्याआधी अंतराचं पाहू.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर ठेवून ताणून धरा. तो दोरा म्हणजे दोन शहरांमधलं सगळ्यात कमी अंतर, सुमारे ७,२०० किलोमीटर. आमच्या भाषेत सुमारे ३,९०० नॉटिकल मैल, कारण विमानाच्या कामात किलोमीटर वापरत नाहीत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आता हाच दोरा कुठून जातो ते बघा. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली तर वाटतं, आखात आणि इराक ओलांडून भूमध्य समुद्राच्या बाजूने जावं लागेल. दोरा मात्र काठियावाडवरून, कराचीच्या जवळून, बलुचिस्तानवरून, इराणच्या पूर्व भागातून, कॅस्पियन समुद्रावरून, कॉकेशसच्या डोंगरांतून, क्रिमिया आणि दक्षिण युक्रेनवरून, पोलंडचा दक्षिण भाग, झेक, जर्मनी असा जातो. मुंबईहून निघताना त्याची दिशा वायव्य असते आणि लंडनला शिरताना जवळजवळ थेट पश्चिम. उलट बाजूने सांगायचं तर लंडनहून मुंबईला येणारी सगळ्यात जवळची वाट सुरुवातीला सरळ पूर्वेला जाते, दक्षिणेला वळतही नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी हा दोरा धरायला लावायचो. सपाट नकाशाची सवय एकदा मोडली की पुढचं समजायला सोपं जातं.

तुम्हाला इंटरनेटवर दिसलेला ७,२०० चा आकडा हा या दोऱ्याचा. तो बरोबर आहे. पण त्या दोऱ्यावरून तुमच्या आई-वडिलांचं विमान जाणार नाही.

दोऱ्याखाली कोणकोणते देश आले ते पुन्हा वाचा. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि त्या बंदीची मुदत दर महिन्याला वाढत राहिली. इराणचं आकाश जून २०२५ मध्ये एका पहाटे एकाएकी बंद झालं. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान सुमारे तीन तास उडून पुन्हा मुंबईलाच उतरलं होतं. त्या विमानात बसलेल्यांना किती मनस्ताप झाला असेल याची मला कल्पना आहे, पण जमिनीवर बसलेल्या माणसाने त्या क्षणी घेतलेला तो योग्य निर्णय होता, हेही मी ठामपणे सांगेन.

मी स्वतः अशा रात्री पाहिल्यात. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते पूर्ण उघडायला १६ जुलै उजाडला. त्या दिवशी आमच्या खोलीत फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. आकाशासंबंधीची कुठलीही सूचना आम्हाला ‘नोटॅम’ म्हणून येते, दोन-चार ओळींचा मजकूर असतो. त्या दोन ओळींनी टेबलावरचे सगळे प्लॅन रद्द होतात. जी विमानं निघायची होती त्यांचं इंधन वाढवायचं, म्हणजे वजन वाढतं, म्हणजे कधी कधी सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. जी हवेत होती त्यांना नवा रस्ता द्यायचा आणि टाकीत उरलेल्या इंधनात तो बसतो का ते पाहायचं. ‘अंतर’ हा शब्द तेव्हापासून मी कधी स्थिर आकडा म्हणून वापरलेला नाही.

मग मुंबईचं विमान आता कसं जातं? अरबी समुद्रावरून पश्चिमेला ओमानच्या बाजूला, आखाताच्या परिसरातून वर, पुढे तुर्कस्तान, काळ्या समुद्राच्या दक्षिणेकडून बल्गेरिया-रुमानिया आणि मग मध्य युरोप. नेमका रस्ता त्या रात्री कुठलं आकाश उघडं आहे आणि वारा कसा आहे यावर ठरतो. आता एक गोष्ट सांगतो जी बहुतेकांना खरी वाटत नाही. मुंबईहून मस्कतपर्यंत साधारण १,६०० किलोमीटर आणि मस्कतहून लंडन साधारण ५,८००. बेरीज ७,४००. म्हणजे पाकिस्तान पूर्ण टाळून मस्कतवरून वळसा घेतला तरी मुंबईला केवळ दोनशे किलोमीटर जास्त पडतात, पंधरा मिनिटांचा मामला. प्रत्यक्षात रस्ते अगदी सरळ नसतात, म्हणून उडालेलं अंतर साडेसात हजारांच्या आसपास किंवा थोडं वर जातं. तुम्हाला दिसलेला दुसरा आकडा हाच.

दिल्लीचं मात्र तसं नाही. गोलावर दोरा धरला तर दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळ आहे, सुमारे ६,७०० किलोमीटर. पण दिल्लीच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर पाकिस्तानची हद्द लागते. भारतीय कंपनीच्या विमानाला आधी खाली गुजरातच्या बाजूला यावं लागतं आणि मग समुद्रावरून पुढे जावं लागतं. हजार किलोमीटरहून अधिकचा फेर. त्यामुळे पाकिस्तानचं आकाश बंद असताना भारतीय विमानाने लंडनला जायला मुंबई दिल्लीपेक्षा जवळ पडते. कोणी तुम्हाला ‘दिल्लीवरून जा, लंडन तिथून जवळ आहे’ असं सांगितलं तर ऐकू नका. मुंबई-दिल्लीचे ११०० किलोमीटर वर आणखी आहेतच. परदेशी कंपन्यांना ही बंदी लागू नाही, म्हणून एकाच रात्री मुंबईहून लंडनला निघालेल्या दोन विमानांचे रस्ते वेगळे असू शकतात.

आता वेळ. प्रवासी जेट विमान वरच्या उंचीवर, म्हणजे पस्तीस ते चाळीस हजार फुटांवर, सभोवतीच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. ‘हवेच्या तुलनेत’ हे शब्द महत्त्वाचे. कृष्णेला पूर असताना होडी उलट दिशेने वल्हवणं आणि प्रवाहाबरोबर वल्हवणं यात जो फरक, तोच इथे. आपल्या आणि युरोपच्या मधल्या पट्ट्यात त्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यात काही अरुंद, अतिवेगवान प्रवाह असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारत, इराण, अरबस्तानच्या उत्तर भागावर असा एक प्रवाह असतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर होणं नेहमीचं आहे.

७,४०० किलोमीटरचं गणित करून पाहा. वारा शून्य असेल तर ९०० च्या वेगाने सव्वाआठ तासांच्या आत. सगळ्या वाटेवर सरासरी ५० चा वारा समोरून असला तर जमिनीवरचा वेग ८५० होतो, वेळ आठ तास बेचाळीस मिनिटं. तोच वारा पाठीमागून असला तर ९५०, आणि वेळ सात तास सत्तेचाळीस. म्हणजे नुसत्या ५० च्या वाऱ्याने पंचावन्न मिनिटांचं अंतर पडतं. तुमच्या तिकिटावर जाण्यायेण्यात जो एक तासाचा फरक आहे, तो इथला.

इथे बरेच जण पृथ्वीच्या फिरण्याचं कारण देतात. पृथ्वी पूर्वेला फिरते, म्हणून लंडन आपल्याकडे येत राहतं, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं असं त्यांचं म्हणणं. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं, त्यामुळे तसा कोणताही फायदा मिळत नाही. खरं तर घडतं उलटंच, पश्चिमेला जायलाच जास्त वेळ लागतो. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध एवढाच की ते पश्चिमी वारे तयार होण्यात तिचा मोठा वाटा आहे.

पावसाळ्यात चित्र बदलतं. पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून वाहणारे वारे येतात. जुलैमध्ये मुंबईहून निघताना पहिला टप्पा त्यामुळे सोपा जातो, जाण्यायेण्यातली तफावतही कमी होते. तुमचे आई-वडील डिसेंबरमध्ये जाताहेत, म्हणजे जाताना समोरचा वारा जोरात असण्याचेच दिवस. दहा तास म्हणूनच दिलेत. आम्ही वाऱ्याचा अंदाज पाहून कधी मुद्दाम लांबचा रस्ता घेतो, कारण शंभर किलोमीटर जास्त उडून जोरदार वारा टाळता आला तर वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. सगळ्यात जवळचा रस्ता आणि सगळ्यात लवकरचा रस्ता बहुतेक रात्री वेगवेगळे निघतात. तो शोधण्यात या कामाचा खरा आनंद आहे. पहाटे विमान उतरल्याची वेळ आपल्या अंदाजाच्या दोन-तीन मिनिटांत आली की जे समाधान मिळायचं, ते आजही आठवतं.

पण मी काढलेले पावणेनऊ तास आणि तिकिटावरचे दहा, यात अजून सव्वा तास उरतो. तिकिटावरची वेळ ‘ब्लॉक टाइम’ असते. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावले की बंद. यात मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं येतं. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रात्री आंतरराष्ट्रीय विमानांची गर्दी असते. वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवर जाणं मी रोजचं मानतो. नंतर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, तिथे पंधरा-वीस मिनिटं जातात. आणि मग हीथ्रो. दोन धावपट्ट्या, वर्षाला ४,८०,००० विमानांच्या येण्याजाण्याची मर्यादा, आणि ती मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली. सकाळी आशिया आणि अमेरिकेकडून येणारी विमानं एकाच सुमाराला पोचतात. त्यांना लंडनभोवती चार ठरावीक ठिकाणी, एकावर एक अशा थरांत, घिरट्या घालत थांबवतात आणि एकेकाला खाली सोडतात. आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा, की विमान ढगांत गोल गोल फिरायला लागलं तर घाबरायचं काही नाही. ती रांग आहे. त्या दहा-वीस मिनिटांचं इंधन आम्ही मोजूनच भरलेलं असतं, शिवाय दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरण्याइतकं आणि त्यावर अर्ध्या तासाचं राखीव.

आपल्या बाजूने विमान रात्री दोन-अडीचलाच का सुटतं, हेही यातच आलं. हीथ्रोवर रात्री ११.३० ते सकाळी ६ या वेळात उड्डाणांवर कडक मर्यादा आहे, आजूबाजूच्या लोकांची झोप मोडू नये म्हणून. सकाळी तिथे उतरायचं तर इथून मध्यरात्रीनंतरच निघावं लागतं.

जुनी गोष्ट सांगायचा मोह होतोय. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचं विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथे थांबलं आणि १० जूनला पोचलं. शहरं तीच, दोरा तोच. त्या विमानाला एवढी उंची आणि एवढं इंधन झेपत नव्हतं, म्हणून थांबे घ्यावे लागले.

थांब्यावरून आठवलं, तुम्ही दुबईमार्गे स्वस्त तिकीट मिळतंय असंही लिहिलंत. अंतराच्या दृष्टीने दुबई जवळपास वाटेतच आहे: मुंबई-दुबई १,९०० आणि दुबई-लंडन ५,५००, बेरीज पुन्हा ७,४०० च्या आसपास. हवेतला वेळ एखादा तास वाढेल. वाढतो तो जमिनीवरचा वेळ, दुबईत दोन ते चार तास, एका दारातून दुसऱ्या दारापर्यंतची पायपीट आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. पहिल्यांदा जाणाऱ्या सत्तरीच्या माणसांना मी थेट विमानच सुचवेन. पैशाचा फरक फार असेल आणि दुबईमार्गेच जायचं ठरलं, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा. त्यांच्याबरोबर एक माणूस असतो, तो योग्य दारापर्यंत पोचवतो, आणि भाषेची अडचण येत नाही.

इतर शहरांसाठी एक अदमास हवा असेल तर मी असा धरतो: हवाई अंतराला ८०० ने भागा, येतील तेवढे तास, वर अर्धा तास मिळवा. मुंबई-नागपूर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे साधारण एक तास पंचवीस मिनिटं. वेळापत्रकातही तेवढंच दिसतं. मुंबई-लंडनला याने साडेनऊ तास येतात, म्हणजे जाण्यायेण्याच्या बरोबर मध्ये. दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळाला आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. पण तिकीट हातात असेल तर अदमास सोडून द्या आणि तिकिटावरचीच वेळ घ्या. ती कंपनीने मागच्या अनेक हंगामांचा प्रत्यक्ष अनुभव बघून ठरवलेली असते.

तुमच्यासाठी हिशेब घरापासून करतो. साताऱ्याहून मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या पुढे. रात्री २.३० चं विमान असेल तर ११.३० पर्यंत विमानतळावर असायला हवं, आणि खंबाटकी, पुणे बायपास, घाट, पनवेल हे सगळं धरून दुपारी चारच्या आत घर सोडा. उतरल्यावर हीथ्रोला पासपोर्टची रांग आणि सामान, एक ते दीड तास. बहिणीला साडेआठला यायला सांगा, सातला नको. म्हणजे घरापासून भेटीपर्यंत बावीस तास होतात, त्यातले विमानातले दहा. वडिलांची किंवा आईची मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं ठरावीक वेळेला असतील तर हा दिवस साडेपाच तासांनी लांबतोय हे डॉक्टरांना सांगून वेळा लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत नको. आणि तारीख नीट बघा: रात्री २.३० म्हणजे दिवस बदललेला असतो. ‘१५ तारखेचं विमान’ म्हणून १५ च्या रात्री पोचलेली माणसं मी दर वर्षी पाहिलीत. १५ च्या पहाटेच्या विमानासाठी १४ ला दुपारी निघायचं.

शेवटी एक वडिलांसाठी. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि लंडनला आठच्या सुमाराला उगवतो. घड्याळातला फरक धरून बघा, मुंबईचा मावळता सूर्य पाहिलेल्या माणसाला लंडनचा उगवता सूर्य दिसेपर्यंत जवळपास साडेएकोणीस तासांची रात्र काढावी लागते. विमान उतरतानाही अंधारच असेल. त्यांना उजव्या बाजूची खिडकी घेऊन द्या. वारा पश्चिमेकडून असला, आणि तिथे तो बहुतेक वेळा असतोच, तर विमान पूर्वेकडून येऊन उतरतं आणि ढग नसतील तर उजवीकडे खाली थेम्स आणि तिच्या दोन्ही काठांवरचे दिवे दिसतात.